भेसूर वाटणारी आनंदी गाणी

परवा भाचा पुण्याहून तिवस्याला आला होता. जेवणं झाल्यावर अंगणात खाटेवर पडल्या पडल्या त्यानं मोबाईलवर एक गाणं लावलं. गाणं आमच्याच वेळचं, वरातीत हमखास वाजणारं. पण कुणीतरी त्याची लय मुद्दाम मंद केलेली आणि आवाजाला रिकाम्या गोदामात असतो तसा घुमारा दिलेला. "मामा, ऐका ना, कसं हॉरर वाटते!" म्हणे आजकाल पोरं अशी गाणी मुद्दाम बनवतात आणि रात्री कानात घालून ऐकतात.

मी त्याला म्हटलं, लेका, हे आम्ही फुकटात ऐकलं आहे. टेपमधले सेल उतरले की आपोआप व्हायचं.

ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिला त्यांना हे सांगायला नको. कॅसेटची फीत सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटीमीटर या वेगानं सरकायची. सेल उतरले की मोटर दमायची, वेग कमी व्हायचा, आणि वेगाबरोबर पट्टीही खाली जायची. नुसती लय मंद झाली असती तर गाणं कंटाळवाणं वाटलं असतं, बस. पण इथे गाणारी बाई हळूहळू बुवा होत जायची, आणि तरीही त्याच उत्साहानं गात राहायची. उन्हाळ्यातल्या भारनियमनाच्या रात्री, दिवे गेलेले, गच्चीवर अंथरुणं टाकलेली, आणि उशाशी टेपमध्ये हे चाललेलं. लहान बहीण रडायला लागायची. आई ओरडायची, "बंद कर रे ते भुताचं!" गाणं मात्र बागेत झाडाभोवती फिरण्याचं.

कॅसेटचा आणखी एक गुण होता, तो फार थोड्यांच्या लक्षात आला असेल. फितीचे वेढे एकावर एक गुंडाळलेले असतात. कॅसेट बरेच दिवस पडून राहिली की एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर अगदी पुसटसं उमटतं. त्यामुळे गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत तेच गाणं, लांबून आल्यासारखं, क्षणभर ऐकू यायचं. मग खरं गाणं सुरू व्हायचं. गाण्याचं भूत गाण्याच्या आधी येऊन जायचं म्हणा ना. मला हे कारण कळलं तेव्हा मी चाळिशीचा होतो. तोवर मला वाटायचं की हे फक्त मलाच ऐकू येतं, आणि म्हणून मी कुणाला बोललो नव्हतो.

पण हे सगळे यंत्राचे दोष झाले. भाच्याशी बोलता बोलता माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. यंत्र ठणठणीत आहे, गायक सुरात आहे, गाणं आनंदाचं आहे आणि करणाऱ्यानं ते आनंदासाठीच केलं आहे. तरी ऐकताना पाठीवरून काहीतरी सरकतं. हे का होतं?

मुद्दाम भीतीदायक केलेल्या गाण्यांची गोष्ट मी सोडून देतो. त्यांचा मला फारसा त्रास होत नाही. १९६५ चा 'गुमनाम' घ्या. राजा नवाथ्यांनी दिग्दर्शित केलेला, अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर बेतलेला, शंकर-जयकिशनचं संगीत. त्यात लताबाईंचं जे शीर्षकगीत आहे ते घाबरवण्यासाठीच आहे. अंधार, वारा, पांढरी साडी, सगळं सामान हजर. ते ऐकून मला छान वाटतं. खरं सांगतो, झोपसुद्धा लागते. पण त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला क्लबातलं एक नाचगाणं आहे, रफीसाहेबांनी गायलेलं 'जान पहचान हो'. गिटारी सुसाट सुटलेल्या, लक्ष्मी छाया डोकं गदागदा हलवून नाचते आहे, आणि नाचणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांवर काळे मुखवटे. सगळे हसताहेत, आणि डोळे दिसत नाहीत! नाच संपतो, सोडतीत काही लोकांना सहलीचं बक्षीस लागतं, आणि मग ते एकेक करून मारले जातात. चित्रपट दुसऱ्यांदा बघताना त्या नाचाकडे धड बघवत नाही. २००१ साली टेरी झ्वायगॉफ या अमेरिकन दिग्दर्शकानं आपल्या 'घोस्ट वर्ल्ड' या चित्रपटाची सुरुवात याच नाचानं केली. त्या माणसाला हिंदी येत असेल असं नाही. पण त्या गाण्यात काहीतरी वेडं आहे हे त्याला तिकडे बसून कळलं.

मराठीत याहून चांगलं उदाहरण आहे आणि ते आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. 'गोमू संगतीनं'. सहलीच्या बसमध्ये, गॅदरिंगला, गणपतीच्या मंडपात, जिथे चार माणसं जमली तिथे हे गाणं होतं. आम्ही वऱ्हाडातली माणसं, समुद्र बघायला पंचविशी उलटावी लागते, पण होडीतल्यासारखे हात मारत हे गाणं आम्हीही म्हटलं आहे. आता हे गाणं कुठल्या चित्रपटातलं, असं विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतात. ते आहे 'हा खेळ सावल्यांचा' मधलं. १९७६ चा चित्रपट, दिग्दर्शक वसंत जोगळेकर, गाणी सुधीर मोघ्यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. म्हणजे ज्या चित्रपटानं मराठी माणसाला भुताचं भय दाखवलं, ज्यातल्या दुसऱ्या एका गाण्याचे शब्द चाळीस वर्षांनी एका भुताटकीच्या मालिकेनं नाव म्हणून घेतले, त्याच चित्रपटातलं हे आपलं सहलीचं गाणं! हेमंतकुमारांचा तो खर्जातला, थोडा ओलसर आवाज एकदा त्या चित्रपटाची आठवण ठेवून ऐकून बघा. 'सोबत येशील का' असं कुणीतरी विचारतं आहे, आणि कुठे ते सांगत नाही. मी हे एकदा एका लग्नाच्या संगीतात बोलून दाखवलं, तर वहिनींनी मला स्टेजजवळून हाकलून दिलं. असो.

गाणारा जिवंत नसला की गाणं भेसूर वाटतं, असं काहींचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. मग आपल्याकडची निम्मी गाणी ऐकायला नकोत. सैगल गेले त्याला पाऊणशेच्या वर वर्षं झाली, त्यांचं गाणं ऐकून कुणी घाबरत नाही. लताबाई २०२२ च्या फेब्रुवारीत गेल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर त्यांचीच गाणी चालू होती, आणि उलट आधार वाटला. कारण त्या विरहाच्या, दुःखाच्या गाण्यांत मरणाला बसायला जागा असते. मरण येऊन बसलं तरी गाणं बिघडत नाही.

नाझिया हसनचं तसं नाही. १९८० साली 'कुर्बानी'तलं तिचं गाणं आलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. बिद्दूनं लंडनमध्ये ते ध्वनिमुद्रित केलं आणि तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवला. एकच मुलगी, पण दोन गळ्यांनी गाते आहे असं वाटतं. त्या वर्षी अमरावतीत एक हॉटेल नसेल जिथे ते वाजत नव्हतं. मला तेव्हाही ते ऐकून थोडं कसंतरी व्हायचं, नाचावंसंही वाटायचं, दोन्ही एकदम. ही मुलगी २००० साली ऑगस्टमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं पस्तिसाव्या वर्षी गेली. आता ते गाणं लागलं की मला ती एक मुलगी आणि तिच्या मागून अर्ध्या पावलावर चालणारी तिचीच सावली ऐकू येते. गाण्याला मात्र यातलं काहीच माहीत नाही. ते अजून पंधरा वर्षांचंच आहे, अजून कुणाची तरी वाट बघतं आहे, आणि खुशीत आहे.

इथेच गोम आहे असं मला वाटायला लागलं. आनंदी गाण्याला काही कळत नाही. दुःखी गाणं आजूबाजूला बघतं, आनंदी गाणं बघत नाही. घरात लग्न आहे की मयत आहे, त्याला फरक पडत नाही. माणूस असा वागला तर आपण त्याला वेडा म्हणू.

लांबून ऐकलेलं गाणंही असंच. कार्तिकात कौंडण्यपूरला वर्धा नदीच्या काठी जत्रा असते. लहानपणी आत्याच्या गावी असताना रात्री शेतात जागलीला जायचो, तेव्हा तिकडचा आवाज यायचा. आकाशपाळण्याजवळचा भोंगा, त्यावर सिनेमाची नाचाची गाणी. जवळ उभं राहिलं तर कान फुटावेत अशी. पण तीन-चार किलोमीटरवर, कापसाच्या शेतात, थंडीत, अकरा वाजता तेच गाणं ऐकलं की कुणीतरी बाई आळवून रडते आहे असं वाटायचं. याचं कारण साधं आहे. भोंग्यातून मुळात ढोलकीचा खर्ज बाहेर पडतच नाही, फक्त मधला आवाज पडतो. वरच्या पट्टीची किणकिण, झांजा, घुंगरू, हे हवा वाटेत खाऊन टाकते. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते आणि वरची हवा त्यामानानं ऊबदार राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसा जिथे पोचत नाही तिथे पोचतो. म्हणजे ठेका गेला, झगमगाट गेला, आणि एकटा गळा तेवढा शेतापर्यंत आला, तोही वाऱ्याबरोबर मध्येच येणारा, मध्येच जाणारा. आत्याचा गडी म्हणायचा, "तिकडं ध्यान नोको देऊ बाप्पा, आपलं काम कर." त्याला ही कारणं ठाऊक नव्हती, पण उपाय ठाऊक होता.

आमच्या भागातल्या भुलाबाईच्या गाण्यांबद्दल थोडं सांगतो, नाहीतर बहिणी रागावतील. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाई-भुलोजी मांडायच्या, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायच्या. चाली अशा की पाय आपोआप हलावेत. आणि गाण्यांत काय? माहेरी जाऊ न देणारी सासू, मारणारा नवरा, कामानं पिचलेली सून. सात-आठ वर्षांच्या पोरी हे सगळं टाळ्या पिटत, खिदळत म्हणायच्या, आणि ओट्यावर बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून ऐकायच्या. त्या हसत होत्या असं मला तेव्हा वाटायचं. इंग्रजीतल्या 'रिंगा रिंगा रोझेस'बद्दल ते प्लेगच्या मरणाचं गाणं आहे अशी कथा सगळीकडे सांगतात. लोकगीतांचे अभ्यासक ती मानत नाहीत, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी तशी जोड कुणी लावलेली सापडत नाही. पण भुलाबाईसाठी अशी कथा रचावी लागत नाही. जे आहे ते गाण्यातच आहे, आणि ते कुणीही लपवलेलं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

आमच्याकडे पूर्वी घंटागाडी यायची ती खरोखरच घंटा वाजवत. मग घंटा गेली आणि गाणं आलं. स्वच्छ भारत मोहिमेनंतरचं ते गाणं तुम्हालाही पाठ असेल. मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या श्याम बैरागींनी गायलेलं, देशभर कचऱ्याच्या गाड्यांवर चाललेलं. हिंदी आहे, पण तिवस्यात कुणाचं अडत नाही. चाल एकदम उडती, लहान पोरं त्यावर नाचतात. तैवानमध्ये म्हणे कचऱ्याच्या गाडीवर बेथोव्हनचं 'फ्यूर एलिझे' वाजतं आणि तिथल्या लोकांना ते ऐकलं की पिशवी आठवते. प्रत्येकाचं नशीब.

२०२१ च्या फेब्रुवारीत अख्ख्या महाराष्ट्राच्या आधी अमरावती आणि अचलपूर बंद झालं. एप्रिलच्या १४ तारखेला राज्यभर निर्बंध लागले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत सकाळी फक्त दोन आवाज असायचे, कावळ्यांचा आणि या गाडीचा. गाडी वळणावर आली की गाणं आधी किंचित चढं लागायचं आणि पुढे गेली की किंचित उतरायचं. फार नाही, ताशी वीसच्या वेगाला सा आणि कोमल रे यांमधल्या अंतराच्या निम्म्यानं. पण एरवीच्या गोंगाटात जे कधी ऐकू आलं नव्हतं ते आता ऐकू यायचं. रिकामा रस्ता, बंद दारं, आणि मधून एक माणूस खुशीत गात चाललेला. गात गात उतरत चाललेला.

काका एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अमरावतीला दवाखान्यात गेले. घरी आलेच नाहीत. तिकडेच सगळं उरकलं, दोघांना जाता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पडवीत भिंतीला टेकून बसली होती, आणि सात वाजता गाडी आली. ते गाणं. मला काय झालं कोण जाणे, मी मास्क न लावताच रस्त्यावर गेलो आणि ड्रायव्हरवर ओरडलो. पोरगा पंचविशीचा असेल. तो काही उलट बोलला नाही. हळूच म्हणाला, "भाऊ, गाणं बंद ठेवलं तं लोकं बाहीर येत नाहीत. पन ठेवतो बंद. इथं तिघं गेले ना या गल्लीत, मले मालूम हाय."

तीन दिवस गाडी आमच्या गल्लीतून गुपचूप गेली. नुसता इंजिनाचा आवाज. त्या पोरानं शब्द पाळला, आणि मला वाटलं की मी घरातल्या माणसांसाठी काहीतरी केलं.

चौथ्या दिवशी काकूनं विचारलं, "काहून रे, गाडी येनं बंद झाली काय?"

मी सांगितलं, गाडी येते, मीच गाणं बंद करायला लावलं.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मले सांगाव तं खरं. मी तीन दिस झाले बालटी घेऊन दारात बसून हाओ." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तेवढाच तं आवाज होता बाबू गल्लीत. थो आयकला की वाटे, बाहीर कोनीतरी जित्तं हाय."

मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही.

आमच्या तालुक्यात मोझरीला गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असतं. महाराज १९६८ साली त्याच वेळी गेले. लाखांच्या गर्दीत खंजिऱ्या, भजनं, सगळं एकदम थांबतं. लहानपणी वडिलांचा हात धरून मी त्या गर्दीत उभा राहिलो आहे, रस्त्यावरच्या गाड्या थांबलेल्या पाहिल्या आहेत. इतकी माणसं आणि आवाज नाही, तरी कणभर भीती वाटली नव्हती. आमच्या गल्लीतलं मी लादलेलं तीन दिवसांचं मौन आठवलं की मात्र वाटते. तिथे सगळे मिळून गप्प होते. इथे काकू एकटी बादली घेऊन बसली होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आनंदी गाण्याला काही कळत नाही, हे जे मी वर लिहिलं आहे ते तसंच ठेवतो, खोडत नाही. फक्त त्याचं न कळणं मला जितकं भेसूर वाटतं तितकंच दुसऱ्या कुणाला लागत असेल. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, पण मी तं टाइमपास म्हणून ऐकतो." बरोबर आहे त्याचं. त्याच्या वयात मीही गच्चीवर उतरलेल्या सेलचा टेप मुद्दाम चालू ठेवायचो, बहीण रडावी म्हणून.

गाडीवर गाणं पुन्हा सुरू झालं ते काकूनंच त्या पोराला हटकून सुरू करायला लावलं. अजून तेच वाजतं. गाडी स्टँडजवळ असतानाच तिला ऐकू येतं, आम्हाला कुणाला येत नाही. ती चहाचा कप खाली ठेवते, बादली उचलते आणि गाडी वळणावर येण्याआधी दारात जाऊन उभी राहते. मी आत पेपर वाचत बसलेला असतो. गाणं जवळ येतं, जरासं चढतं, दारासमोर थांबतं. काकू त्या पोराला काहीतरी विचारते, तो काहीतरी सांगतो, दोघं हसतात. मग गाणं पुढे जातं आणि उतरतं, आणि माझ्या हातावर काटा येतो तो येतोच.